माथ्याचे बक्षीस आणि परतीचा निर्णय

१ सप्टेंबर २०२५ पासून नेपाळच्या बाजूने वसंत ऋतूत एव्हरेस्ट चढू इच्छिणाऱ्या परदेशी गिर्यारोहकाला नुसत्या परवान्यासाठी ११,००० ऐवजी १५,००० अमेरिकी डॉलर भरावे लागतात. शुल्कवाढ जाहीर झाल्यापासून गर्दी कमी होईल की नाही, याच प्रश्नाभोवती चर्चा फिरते आहे आणि ती मला अपुरी वाटते. जो माणूस एका मोहिमेसाठी चाळीस-पन्नास हजार डॉलर उभे करतो, तो आणखी चार हजारांपायी घरी बसत नाही. ज्याची खरोखरच ओढाताण होते तो स्वस्तातली कंपनी शोधतो, आणि स्वस्त मोहिमेत काटछाट होते ती ऑक्सिजनचे सिलिंडर, शेर्पांची संख्या आणि त्यांचा अनुभव या गोष्टींत, कारण कापण्याजोगे दुसरे फारसे काही तिथे नसतेच.

पैसे मोजून, गाइडच्या सोबतीने आठ हजार मीटरवरच्या शिखरावर जाणे मुळातच गैर आहे, असे मी मानत नाही. माझा आक्षेप या व्यवहारातल्या एका कलमावर आहे. मेंबरला, म्हणजे पैसे भरून आलेल्या सदस्याला, माघारी फिरवण्याचा निर्णय ज्या गाइडने घ्यायचा, त्याने तो घेतला की त्याचेच आर्थिक नुकसान होईल, अशी या मोहिमांची रचना आजही सर्रास असते. ती बदलल्याशिवाय शुल्क कितीही वाढवले तरी डोंगरावर मरणाऱ्यांच्या संख्येत फार फरक पडेल, यावर माझा विश्वास नाही.

अशा मोहिमेत नेमके काय विकत घेतले जाते, ते आधी नीट पाहायला हवे. ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पवरून निघाले की लगेच खुंबूचा हिमप्रपात लागतो. सतत सरकणाऱ्या या बर्फातून शिड्या आणि दोर लावून वाट काढतात ते ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणून ओळखले जाणारे शेर्पा, आणि बर्फ हलला की ती वाट पुन्हा बांधावी लागते तीही त्यांनाच. त्यापुढचे फिक्स रोप, म्हणजे पक्के बांधून ठेवलेले दोर, थेट माथ्यापर्यंत शेर्पांचीच दुसरी तुकडी लावते. तंबू, गॅस, अन्न आणि ऑक्सिजन हे सारे ७,९०० मीटरवरच्या साउथ कोल या खिंडीपर्यंत माणसांच्या पाठीवरून चढते. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून मेंबर हिमप्रपातातून मोजक्या फेऱ्या करतो. सामान वाहणारा शेर्पा त्याच्या कितीतरी पट करतो. २०२५ च्या मोसमात बेस कॅम्प आणि कॅम्प एक यांच्या दरम्यान शिड्या, दोर आणि कचरा वाहण्यासाठी ड्रोन वापरले गेले. नव्या शुल्कापेक्षा मला ही बातमी कितीतरी मोलाची वाटली, कारण तिने माणसांच्या फेऱ्या खरोखर कमी होतात.

आता थोडे वर जाऊ. ८,४०० मीटरच्या आसपास ‘बाल्कनी’ नावाचा एक लहानसा सपाट टप्पा आहे आणि बहुतेक जण सिलिंडर तिथे बदलतात. मध्यरात्र उलटून गेलेली असते. मेंबर पाठीवरची सॅकही न उतरवता बर्फात बसकण मारतो. शेर्पा त्याच्या मागे जाऊन सॅक उघडतो आणि हातांवरचे जाड मिटन काढतो, कारण रेग्युलेटरचे आटे मिटन घालून फिरत नाहीत. मग पातळ हातमोज्यातल्या बोटांनी जुना सिलिंडर सोडवतो, नवा बसवतो, काटा पाहतो, मास्कच्या झडपेत गोठलेली वाफ बोटाने खरवडून काढतो आणि प्रवाह मिनिटाला दोन लिटरवर ठेवून मेंबरच्या खांद्यावर हात मारतो. त्या दोन-तीन मिनिटांत मेंबरचा जीव त्या बोटांवर असतो, आणि ती बोटे गोठली तर त्या शेर्पाची पुढच्या सगळ्या मोसमांची कमाई गेली.

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. मेंदूला प्राणवायू अपुरा पडला की माणसाला सर्वांत आधी सोडून जाते ती स्वतःची अवस्था ओळखण्याची शक्ती. थकलेला माणूस आपण थकलोच नाही असे सांगतो, बोटे बधिर झालेला माणूस हात छान उबदार आहेत म्हणतो. अशा वेळी ‘पुढे जायचे का?’ असे मेंबरलाच विचारून निर्णय घेणे म्हणजे तापात बरळणाऱ्या माणसाची मृत्युपत्रावर सही घेण्यासारखे आहे. म्हणून निर्णय गाइडचाच हवा, आणि तो मेंबरच्या मर्जीपासून, त्याच्या पैशांपासून आणि त्याच्या रुसव्यापासून पूर्णपणे मोकळा हवा.

गिर्यारोहणातले काही जुने-जाणते लोक यावर म्हणतात की मग ही चढाईच नव्हे, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून केलेली ती यात्रा आहे. हा तुच्छतेचा सूर मला पटत नाही. १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेसाठी साडेतीनशेहून अधिक हमालांनी सामान वाहिले होते. त्या काळची बहुतेक मोठी शिखरे शेर्पांच्या किंवा स्थानिक हमालांच्या मदतीनेच सर झाली. मदत घेतली म्हणून कोणी कमी ठरत नाही. त्या मोहिमेतून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. २६ मे १९५३ रोजी टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स साउथ समिटवर, म्हणजे माथ्याआधीच्या दक्षिणेकडच्या उपशिखरावर, पोहोचले. तोवर त्या उंचीवर कोणीही गेलेले नव्हते आणि माथा जेमतेम शंभर मीटर वर राहिला होता. इव्हान्स यांच्या ऑक्सिजन उपकरणात बिघाड झाला होता आणि दुपार होऊन गेली होती. पुढे गेलो तर परत येणे होणार नाही, हे ओळखून ते दोघे मागे फिरले. तीन दिवसांनी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी माथ्यावर उभे राहिले. त्यांतले तेनसिंग आदल्याच वर्षी स्विस मोहिमेत रेमंड लँबर्ट यांच्यासोबत सुमारे ८,६०० मीटरवरून परत आले होते. जगातले सर्वांत मोठे श्रेय हाताशी असताना वळण्याची अक्कल या माणसांकडे होती, आणि वळलो म्हणून कोणी आपली मजुरी कापणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

याच्या उलट चित्र एव्हरेस्टवरच्याच १९९६ च्या मोसमाचे आहे. न्यूझीलंडचे रॉब हॉल हे त्या काळातले नावाजलेले आणि शिस्तीचे गाइड. त्यांच्या मोहिमेचे शुल्क ६५,००० डॉलरच्या घरात होते. १९९५ मध्ये त्यांनी एका अमेरिकी टपाल कर्मचाऱ्याला साउथ समिटवरून, म्हणजे माथा समोर असताना, मागे वळवले होते. हॉल यांच्याच आग्रहाने तो पुढच्या वर्षी पुन्हा आला. १० मे १९९६ रोजी दुपारी दोनच्या सुमारास, जिथे असू तिथून परतायचे असे ठरलेले असताना, ते दोघे माथ्यावर होते तेव्हा चार वाजून गेले होते. वादळात दोघेही गेले, आणि त्यांच्या मदतीसाठी वर गेलेले दुसरे गाइड अँडी हॅरिसही गेले. त्या वादळाने डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून आठ जणांचा बळी घेतला. हॉल यांच्या मनात त्या दुपारी काय चालले होते, ते कोणालाच सांगता येणार नाही. मात्र ज्या माणसाला एकदा हिरमुसले करून परत पाठवले, ज्याला आपणच पुन्हा बोलावून घेतले, त्याला दुसऱ्यांदा ‘वळ’ म्हणणे किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. हॉल तर स्वतःच्या कंपनीचे मालक होते. रोजंदारीवरच्या गाइडला तोच शब्द उच्चारणे किती पटींनी अवघड होत असेल?

हे मला पुस्तकी वाचनातून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी मी एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातल्याच इम्जा त्सेवर, म्हणजे आयलंड पीकवर गेलो होतो. सहा हजार मीटरच्या थोडे वर असलेले हे शिखर एव्हरेस्टपुढे लहानच, तरी त्याची शेवटची बर्फाची भिंत फिक्स रोपला जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच्या दिशेने सरकणारी पकड, लावूनच चढावी लागते. भिंतीच्या मध्यावर माझा वेग इतका मंदावला की दर दोन पावलांना मी दोरावर कपाळ टेकून उभा राहत होतो. गाइड माझ्याजवळ खाली उतरून आला. त्याने माझ्या डाव्या बुटाकडे पाहिले. क्रॅम्पॉनचा, म्हणजे बुटाखालच्या धातूच्या काट्यांचा, पट्टा सैल होऊन लोंबत होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्याने तो आवळला, घड्याळ पाहिले आणि म्हणाला, “सर, आज इथूनच खाली.” मी म्हणालो, “दाइ (दादा), अर्धाच तास राहिलाय.” तो पुढे काही बोलला नाही. त्याने माझा जुमार सोडवला आणि दोर माझ्या फिगर एटमध्ये, म्हणजे उतरायच्या कडीत, ओवून दिला. उतरताना मी सबंध वाटभर त्याच्यावर चिडलेला होतो. संध्याकाळी चहाच्या वेळी दुसऱ्या तुकडीच्या गाइडकडून मला कळले की मला वळवून त्याने स्वतःचा समिट बोनस सोडला होता. मी करार काढून पुन्हा वाचला. बोनसची रक्कम ‘माथा गाठल्यास’ द्यायची, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते आणि घरी सही करताना त्यात मला काहीच खटकले नव्हते. ती रक्कम मी त्याला दिली, पण त्यात मोठेपणा नाही. ज्याने मला जिवंत खाली आणले त्याची कमाई माझ्या त्या संध्याकाळच्या मनःस्थितीवर अवलंबून राहावी, हेच मुळात लाजिरवाणे आहे.

समिट बोनस ही आठ हजारी शिखरांवर रुळलेली पद्धत आहे. गाइडला ठरलेल्या पगाराशिवाय, सामान वाहण्याच्या मोबदल्याशिवाय, मेंबर माथ्यावर पोहोचला की वेगळी रक्कम मिळते, आणि वर्षाचे दोन मोसम एवढीच ज्याची कमाई आहे त्याच्यासाठी ती रक्कम किरकोळ नसते. तिच्या बाजूने असे सांगितले जाते की तिच्यामुळे गाइड मन लावून काम करतो. माथ्याजवळ गाइडने मन लावून करायचे काम म्हणजे हवामान, वेळ, सिलिंडरमधला उरलेला ऑक्सिजन आणि मेंबरचे पडणारे पाऊल यांचा हिशेब घालणे. बोनस नेमका त्याच हिशेबात खोट आणतो. आल्प्समध्ये मॅटरहॉर्नवर गाइड आपल्या मेंबरला वाटेवरच्या सॉल्वे झोपडीपर्यंत ठरावीक वेळेत पोहोचता आले नाही तर सरळ खाली आणतो, कारण तिथे गाइडचे मानधन चढाईच्या दिवसासाठी ठरलेले असते आणि माथा हुकला म्हणून ते बुडत नाही. हिमालयात धोका कितीतरी जास्त, वाट कितीतरी लांब आणि मेंबर बहुधा अधिक अननुभवी. अशा ठिकाणी नेमकी उलटी पद्धत चालावी, याचे समर्थन मला कोठेही सापडलेले नाही.

मेंबरच्या इच्छेपुढे ‘नाही’ म्हणणारे कोणी उरले नाही की काय होते, ते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी तिबेटमधल्या शिशापांग्मावर दिसले. आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरे सर करणारी पहिली अमेरिकी महिला होण्याच्या शर्यतीत दोन गिर्यारोहक वेगवेगळ्या तुकड्यांतून एकाच दिवशी वर निघाल्या होत्या. हिमस्खलनांत दोघी गेल्या आणि त्यांच्यासोबत त्यांचे गाइड मिंगमार शेर्पा आणि तेनजेन लामा शेर्पा हेही गेले. तेनजेन यांनी त्याआधी अडीच महिन्यांहून कमी काळापूर्वी, २७ जुलैला, नॉर्वेच्या क्रिस्टिन हरिला यांच्यासोबत चौदा शिखरे ९२ दिवसांत पूर्ण केली होती. त्यांच्या तोडीचे गिर्यारोहक त्या वेळी जगात फार थोडे होते. तरीही त्या दिवशी ते ज्या उतारावर उभे होते, तिथे त्यांना दुसऱ्याच्या विक्रमाने आणले होते.

‘जीव माझा, धोका माझा, मग सरकारने मध्ये का पडावे?’ असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. एकट्याने, स्वतःचे सामान वाहून, स्वतःची वाट काढून जाणाऱ्याने तो केला तर मी तो मान्य करीन. गाइडसह जाणाऱ्याला तो करता येत नाही. एव्हरेस्टवर आजवर सव्वातीनशेहून अधिक माणसे मेली आहेत आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश मोलाने काम करणारे नेपाळी आहेत. मरण्याच्या जागाही वेगळ्या आहेत. मेंबर बहुतांशी माथ्याजवळून उतरताना थकून मरतात. कामगार खाली, हिमप्रपातात, दुसऱ्यांचे सामान वाहताना बर्फाखाली सापडतात. १८ एप्रिल २०१४ च्या सकाळी तिथे हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मेले आणि त्यांत एकही मेंबर नव्हता. सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले तेव्हा शेर्पांचा संताप अनावर झाला, त्यांनी काम थांबवले आणि नेपाळच्या बाजूचा तो मोसम तिथेच संपला. त्यानंतर विम्याची किमान रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाली. ती कोणी आपण होऊन दिलेली नाही, सोळा माणसे गेल्यावर भांडून मिळवलेली आहे.

मोहिमाच बंद करा, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी माझे अजिबात जुळत नाही. खुंबूतल्या घरांमध्ये शिक्षण, औषधपाणी आणि पक्की छपरे आली ती मोठ्या प्रमाणात याच कामातून. शिवाय आता मोहिमांच्या कंपन्याही बहुतांशी नेपाळी लोकांच्याच हाती आहेत, आणि शेर्पा म्हणजे केवळ भारवाहक, हा समज तर १६ जानेवारी २०२१ रोजी कायमचा मोडला. त्या दिवशी दहा नेपाळी गिर्यारोहक काराकोरममधल्या केटूच्या माथ्याखाली थोडे थांबले, एकमेकांची वाट पाहिली आणि हिवाळ्यातली ती पहिली चढाई सर्वांनी मिळून पूर्ण केली. ज्यांच्याकडे हे कौशल्य आहे त्यांचा शब्द डोंगरावर अखेरचा असावा, एवढेच तर माझे मागणे आहे.

गाइडचा शब्द चालला की काय घडू शकते, त्याचे उदाहरणही आहे. १८ मे २०२३ च्या सुमारास गेलजे शेर्पा आपल्या चिनी मेंबरला घेऊन एव्हरेस्टच्या माथ्याकडे निघाले असताना बाल्कनीजवळ त्यांना मलेशियाचा एक गिर्यारोहक थंडीने काकडत, दोराला धरून एकटाच बसलेला दिसला. गेलजेंनी आपल्या मेंबरला चढाई सोडायला राजी केले, त्या माणसाला मॅटमध्ये गुंडाळून पाठीवर घेतले आणि काही तासांत, पुढे दुसऱ्या शेर्पाच्या मदतीने, खाली आणले. तो वाचला. या घटनेत मला गेलजेंच्या ताकदीइतकेच महत्त्व त्या मेंबरने ऐकण्याला द्यावेसे वाटते. त्याने हट्ट धरला असता, पैसे मोजले आहेत म्हटले असते, तर करारानुसार तो चूक ठरला नसता.

ऐकण्याची ही तयारी भारतीय मेंबरकडे कमी असते, असे बोलले जाते. त्यात तथ्य असले तरी दोष एकट्या गिर्यारोहकाचा नाही. आपल्याकडचा गिर्यारोहक बहुधा कर्ज काढून, देणग्या मागून, कंपन्यांच्या पायऱ्या झिजवून जातो. माथा गाठला तर सत्कार, बढती, सरकारी बक्षीस. आठशे मीटर खालून शहाणपणाने परतला तर कोणी स्टेशनवरही येत नाही. २०१६ मध्ये एका भारतीय पोलिस दांपत्याने दुसऱ्याच्या छायाचित्रांत फेरफार करून एव्हरेस्ट सर केल्याचे प्रमाणपत्र मिळवले. नेपाळने ते रद्द केले आणि दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. लोक त्यांच्यावर तुटून पडले, पण त्या कागदाला एवढी किंमत कोणी आणली, हे फारसे कोणी विचारले नाही. २०१९ च्या मोसमात माथ्याजवळच्या लांबलचक रांगेचे छायाचित्र जगभर फिरले. त्या मोसमात एव्हरेस्टवर मेलेल्या ११ जणांत चार भारतीय होते.

नेपाळने अलीकडे आठ हजारी शिखरांसाठी दर दोन मेंबरमागे एक गाइड सक्तीचा केला आहे, आणि एव्हरेस्टच्या परवान्याआधी नेपाळमधले सात हजार मीटरवरचे एखादे शिखर चढलेले असावे, अशी तरतूद नव्या पर्यटन विधेयकात मांडली. अनुभवाची अट हवीच. मात्र ते शिखर नेपाळमधलेच असावे, हा आग्रह सुरक्षिततेसाठी नसून महसुलासाठी आहे. गढवालमधले ७,०७५ मीटरचे सतोपंथ किंवा ७,७५६ मीटरचे कामेत चढून आलेल्याला कमी अनुभवी कोण म्हणेल? आणि सात हजारी शिखराचा दाखलाही पुरेसा नाही, कारण तेही कोणीतरी हात धरून चढवलेले असू शकते. माझ्या मते बेस कॅम्पवरच प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी: अंधारात, हातमोजे घालून स्वतःचा सिलिंडर बदलणे, दोराच्या गाठीवरून जुमार आणि कॅराबिनरची कडी न चुकता पुढे नेणे, आणि कोणाच्याही मदतीशिवाय दोरावरून खाली उतरणे. ज्याला हे जमत नाही त्याचा गाइड कितीही चांगला असला तरी वादळात दोघांचाही निभाव लागणे कठीण.

बोनसचा प्रश्न सोडवायला तर नवा कायदाही फारसा लागत नाही. २०१४ पासून कित्येक वर्षे एव्हरेस्टच्या प्रत्येक तुकडीकडून ४,००० डॉलर अनामत घेतली जात होती आणि प्रत्येकाने आठ किलो कचरा खाली आणला तरच ती परत मिळत होती. म्हणजे मोहिमेआधी पैसे सरकारजमा करून घेण्याची यंत्रणा नेपाळच्या पर्यटन विभागाला परकी नाही. त्याच पद्धतीने प्रत्येक गाइडच्या बोनसची पूर्ण रक्कम परवाना देतानाच विभागाने जमा करून घ्यावी आणि मेंबर कोणत्याही उंचीवरून परतला तरी, माथा गाठला असो वा नसो, बेस कॅम्पवर मोहीम आवरली की ती थेट गाइडच्या खात्यात जावी. करारात ‘माथा गाठल्यास’ हे शब्द असतील त्या कंपनीला परवाना मिळू नये. आणि जाणाऱ्याने पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारावे: माझ्या गाइडने मला साउथ समिटवरून वळवले, तर त्याला किती मिळेल?